नामांकित पिकअपच्या गावात

जालना जिल्ह्यात लोक बियाण्यांसाठी जातात, मोसंबीसाठी जातात, लोखंडी सळ्यांसाठी जातात, जांब समर्थला दर्शनासाठी जातात. आम्ही नवरा-बायको गेलो ते एका जुन्या पिकअपसाठी. तेही वाईहून, जिथे विकायला काढलेल्या पिकअप रस्त्याच्या कडेला फलक लावून उभ्याच असतात. इतक्या लांब का, असं मला शेजारपाजारच्या निदान दहा जणांनी विचारलं. मी प्रत्येकाला शिरीषकडे पाठवलं. शिरीष म्हणजे माझा नवरा.

वाईत आमची रोपवाटिका आहे. रोपं मी करते, गाडीही मीच चालवते. शिरीष फोन घेतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर ज्ञान मिळवतो. पाचगणीच्या बंगल्यांना कुंड्या पोचवायच्या आणि येताना लाल माती भरून आणायची, म्हणजे आठवड्यातून चार-पाच वेळा पसरणीचा घाट चढायचा आणि उतरायचा. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ओली माती भरून उतरत असताना आमच्या जुन्या पिकअपचे ब्रेक गेले. मी गाडी डोंगराच्या बाजूला दाबत नेली आणि चारीत घातली. ती आडवी झाली. माझ्या कपाळाला सहा टाके पडले. शिरीष दवाखान्यात धावत आला, माझा हात हातात घेऊन बसला, आणि पाचव्या मिनिटाला म्हणाला, "पण त्या गाडीचे रिव्ह्यू तर चांगले होते."

हे वाक्य मी त्याला जन्मभर ऐकवणार आहे.

त्यानंतर वर्षभर त्याने अभ्यास केला. गॉगल घातलेला एक मुलगा रिकाम्या मैदानात पिकअपभोवती फिरतो, चाकाला लाथ मारतो आणि पाचपैकी तारे देतो, असे शेकडो व्हिडिओ त्याने पाहिले. त्या मुलाने पिकअपमध्ये एक कुंडी चढवलेली मला कधी दिसली नाही. शिरीषने मोबाइलमध्ये वीस रकान्यांचा तक्ता केला. तोवर मी भाड्याच्या गाडीत दुसऱ्या ड्रायव्हरशेजारी बसून घाट उतरत होते आणि प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर जात होता. मला भीती वाटत होती. पुढची गाडी मीच चालवणार होते आणि तिची निवड तक्ता करणार होता, ही त्यातली खरी भीती. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

तक्त्याचा निकाल लागला. एका कंपनीची पिकअप सगळ्यात भरवशाची, आणि तीही जालना जिल्ह्यातली घ्यावी, कारण तिथे ती वर्षानुवर्षं मोसंबी वाहते आणि मोडत नाही. हा पुरावा अंबडच्या रामकिसनने दिला होता. तो शिरीषचा कॉलेजातला मित्र, तिथे त्याचं कृषी केंद्र आहे. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. तिकडचे लोक तिला म्हैस म्हणतात, कारण ती खाते फार पण ओढतेही फार. दुसऱ्या एका कंपनीच्या हलक्या गाडीला ते शेळी म्हणतात आणि नाक मुरडतात. आपल्याला ही दोन नावं पुरेत.

अंबड

पोचलो त्या संध्याकाळी रामकिसन भाऊजींच्या घरी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी इतकी झणझणीत होती की तक्ताभर बोलायचं ठरवून बसलेला शिरीष पाण्याखेरीज काही मागू शकला नाही. आमच्याकडे पाहुण्याला तिखट चालतं का, असं आधी विचारतात. इथे वाढून मग चेहऱ्याकडे बघतात. भाऊजींच्या बायकोने, शोभावहिनींनी, शिरीषपुढे गुळाचा खडा ठेवला आणि मला तिसरी भाकरी वाढली.

"वहिनी, म्हैस घ्या, डोळे झाकून घ्या," भाऊजी म्हणाले.

"डोळे झाकून घेतली तर चालवायचीही तशीच का?" मी विचारलं. ते खूप हसले. माझ्या बोलण्यावर लोक हसले की विषय संपला असं समजतात.

सकाळी ते आम्हाला त्यांच्या जीपमधून अंतरवाली सराटीला घेऊन गेले. दोन्हीकडे कापूस आणि सोयाबीन, मधूनच मोसंबीच्या बागा, आणि रस्ता इतका सपाट की त्यावर ठेवलेली गोटी दुसऱ्या दिवशी तिथेच सापडावी. चौकातल्या चहाच्या टपरीपुढे चार म्हशी उभ्या होत्या, म्हणजे पिकअप. मालक हजर होते. भाऊजींनी निरोप दिला असणार. मला लगेच बसायला खुर्ची आली, तीही गाड्यांपासून लांब, टपरीच्या आतल्या बाजूला. शिरीषला मात्र बॉनेटजवळ उभं केलं. गाडी कोण चालवणार हे कुणी विचारलं नाही, आणि शिरीषने सांगितलंही नाही.

चौघांनी आपापल्या बॉनेटवर हात ठेवून गाडीचे गुण गायले. "बिलकुल तक्रार न्हाई." "लेकरासारखी हाय." "एकदा चावी मारली की बस." शिरीष प्रत्येकाला तारे देत होता. मी खुर्चीवरूनच विचारलं, "आणि ब्रेक? उताराला कसे आहेत?"

चौघेही माझ्याकडे बघायला लागले. मग सगळ्यात वयस्क होते ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, हितं उतार कुठाय? अन् पाऊस पडला की काळ्या मातीत गाडी आपोआप थांबती. तिला चालवायचीच पंचाईत ऱ्हाती."

हे खरंच होतं, म्हणून मी चहाकडे वळले. चहा उत्तम होता, आल्याचा, आणि कप भरून द्यायची पद्धत होती. आमच्याकडे हल्ली दोन घोटांत संपणारा कप मिळतो आणि लोक त्यालाही स्पेशल म्हणतात.

निघताना मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्याने "लेकरासारखी" म्हटलं होतं तो भाऊजींच्या खांद्यावर हात टाकून त्यांना चाळीस पावलांवरच्या कडुलिंबाखाली घेऊन गेला. तिथे तो हात उडवून, कपाळावर हात मारून काहीतरी सांगत राहिला आणि मग शांतपणे परत येऊन बॉनेट पुसायला लागला. नंतर दुसरा गेला, मग तिसरा. मला वाटलं, घरगुती भांडण असेल. जीपमध्ये बसल्यावर मी भाऊजींना विचारलं. त्यांनी आधी स्टीअरिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घरी गेल्यावर सांगतो वहिनी," ते हळूच म्हणाले.

घरी गेल्यावर सांगितलं ते शोभावहिनींनी. "गाडीपुढं गाडीची बुराई करत नसतेत. ऐकती ना ती. आमचे हे एकदा जीपमधी बसून म्हणले, आता हिला विकून टाकू. त्याच दिवशी पट्टा तुटला, अन् मंग भर उन्हात चालत आल्ते."

शिरीष हसून लोळायचा बाकी राहिला. लोक अजून कुठल्या काळात आहेत वगैरे. मी त्याला आठवण करून दिली की आमच्या रोपवाटिकेत कलम बांधल्यावर ते धरलं का, असं कलमासमोर विचारायला त्यानेच सगळ्यांना मनाई केली आहे. त्यावर तो म्हणाला, ते वेगळं, वनस्पतींना जीव असतो. मी त्याच्या तक्त्याकडे पाहिलं. सकाळचे सगळे तारे गाडीच्या तोंडावर मिळवलेले होते. ते एक-एक करून पुसून टाकावेत असं मला फार वाटलं.

आष्टी

दुसऱ्या दिवशी आष्टी. तिथल्या बाबुरावांची म्हैस साऱ्या परतूर तालुक्यात गाजलेली आहे. इतकी वर्षं चालली आणि इंजिन उघडलं नाही, असं जो तो सांगत होता. आम्ही चहा प्यायला थांबलो तर टपरीवाल्याने सांगितलं, केस कापणाऱ्याने सांगितलं, खत घ्यायला आलेल्या माणसाने न विचारता सांगितलं. बाबुरावांच्या दारात जायला वाट विचारली तेव्हा लोकांनी हात जोडून दिशा दाखवली. आमच्या भागात असा मान फक्त चांगल्या बैलाला मिळतो, आणि तोही शर्यत जिंकल्यावर.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. बाबुरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, जाताना शिरीषची उजवी चप्पल काळ्या मातीत रुतली. ती काढायला वाकला तर डावीही गेली. दोन माणसांनी त्याला ओढून काढलं, चपला मागाहून काठीने काढल्या. पायांना चिकटलेल्या चिखलामुळे तो चार बोटं उंच दिसत होता. बाबुराव म्हणाले, "माती धरून ठेवती पाव्हण्याला." आणि त्यांनी स्वतः त्याच्या पायावर पाणी ओतलं. माणूस मोठा अगत्याचा.

बॉनेटवर हात ठेवून ते म्हणाले, "इंजिन उघडलं न्हाई. कुणालाबी इचारा."

शिरीषने पाच तारे दिले. मी म्हटलं, "बाबुराव, गोठा दाखवा की." गोठा गाडीपासून लांब होता. म्हशीच्या, म्हणजे खऱ्या म्हशीच्या, पाठीवर हात फिरवत मी विचारलं, "इंजिन खरंच उघडलं नाही?"

"खोटं कशाला बोलू? न्हाईच उघडलं," ते म्हणाले. मग त्यांनी मागे पाहिलं, गाडी दिसत नाही याची खात्री केली. "दोनदा बदललं. उघडायला फुरसत कुणाला हाय? मोसंबी झाडावर थांबत न्हाई. जुनं काढलं, दुसरं बसवलं. गिअरबॉक्सबी बदलला. स्प्रिंगचे पाटे तर दर साली."

"मग तिच्यात मूळचं काय राहिलंय?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नंबर," ते म्हणाले. "अन् समोरची काच. न्हाई, काचबी गेल्ती."

मी पोटभर हसले आणि तेही हसले. त्यांना यात लबाडी वाटत नव्हती. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे सकाळी माल घेऊन बाजारात पोचणारी वस्तू, आणि ती रोज पोचत होती. कौतुक खोटं नव्हतं, फक्त ते कशाचं आहे हे कुणी विचारत नव्हतं.

बाजारात मला एक शेळीवालाही भेटला. मेंढरं वाहणारा माणूस, डोक्याला लाल मुंडासं, बोलायला फार सावध. त्याच्या हलक्या गाडीकडे बघून येणारा-जाणारा टोमणा मारत होता. मी त्याला बाजूला बोलावलं तर तो जनावरांच्या गर्दीपलीकडे आला आणि खाली मान घालून, चोरी कबूल करावी तसा म्हणाला, "खर्चाच न्हाई ताई हिला. सहा साल झाले. पण सांगून कोण ऐकतंय? लोकं म्हणतेत, शेळीचं काय सांगतो. मंग मीबी म्हणतो, व्हय, तरासच हाय."

"ब्रेक?"

"मेंढरं उभी असतेत ना. झटका बसला की एकमेकीवर पडतेत. म्हणून ब्रेक मी दर आठ दिवसाला स्वतः बघतो."

मी हे शिरीषला सांगितलं. त्याने तक्ता पाहिला आणि शेळीला दोनच तारे असल्याचं मला दाखवलं. त्या क्षणी त्याला पुन्हा काळ्या मातीत उभं करावं असं माझ्या मनात आलं.

जांब समर्थच्या पुढे

तिसऱ्या दिवशी भाऊजींबरोबर जांब समर्थला दर्शन घेतलं. देवळात गर्दी नव्हती, फरशी थंडगार होती, आणि शिरीषने डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं. काय मागितलं ते मला माहीत होतं, कारण बाहेर आल्याआल्या तो म्हणाला, "आजची गाडी नक्की." तिथून थोडं आत गेल्यावर भगवानरावांचं गाव.

भगवानरावांच्या नावाचा उल्लेख अंबडपासून ऐकत होतो. म्हैस या भागात पहिल्यांदा आणली ती त्यांनी. त्यांची बघून भावकीतल्या आणि सोयऱ्यांतल्या सात जणांनी तीच घेतली, आणि त्या सातांची बघून आसपासच्या गावांनी. तिचं सगळं नाव झालं ते या अंगणातून. आता गुडघा धरला म्हणून ते गाडी विकत होते. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. अंगणात गाडी धुऊन पुसून उभी होती, बॉनेटवर कुंकू होतं, आणि सौदा बघायला ते सातही जण आपापल्या गाड्या घेऊन आले होते. एवढ्या माणसांसमोर आमच्याकडे लग्न ठरतं.

भगवानरावांच्या बायकोने गरम धपाटे आणि दही आणलं आणि मला आत बोलावलं. मी म्हटलं, मी आधी गाडी चालवून बघते. एकाने शिरीषकडे पाहिलं, शिरीषने मोबाइलकडे. भगवानराव मात्र उठले आणि किल्ली त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली.

गाडी छान होती, हे मी लपवणार नाही. सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर नेली, परत आणली. क्लच हलका, इंजिनचा आवाज एकसारखा. ब्रेक दाबला, थांबली. पण सपाटीवर माझी जुनी गाडीही थांबायची.

उतरल्यावर मी म्हटलं, "काका, विहीर दाखवता?"

ते काय ते समजले. लंगडत मला बांधापलीकडे घेऊन गेले. विहिरीजवळ उभं राहिल्यावर मी म्हटलं, "आता ती ऐकत नाहीये. खरं सांगा."

"आधी तुमी सांगा ताई," ते म्हणाले. "गाडी कुठं चालवायची?"

मी सांगितलं. घाट, वळणं, ओली लाल माती, आणि तो दिवस. इतकं सविस्तर मी शिरीषलाही सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं. भगवानराव मध्येच म्हणाले, "पॅडल आधी मऊ झाल्तं का?"

"झालं होतं."

"अन् वास?"

"जळका."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "तीन साल झाले. मोसंबी घेऊन जळगाव जिल्ह्यात चाल्लो व्हतो. कन्नडचा घाट उतरून राह्यलो, अन् निम्म्यात पॅडल खाली गेलं. पाय पार फळीला टेकला. एका बाजूनं कठड्याला घासत नेली. थांबली तवा पुढचं चाक कठड्यावर चढल्तं."

"घरी काय सांगितलंत?"

"टायर फुटलं म्हणलं."

"का?"

"सात गाड्या हायेत ताई गावात. सातही माझी बघून घेतल्या. दाजी हाय, चुलतभाऊ हाय. मी कोणत्या तोंडानं सांगू? ब्रेक नवे टाकले, तीनदा दाखवले. हितं कुणीबी तपासलं तर बराबरच निघतेत. वजन आम्ही लई भरतो, त्येचाबी दोष असंल. पण घाटात ते इचारायला टाइम नसतो."

मला राग आला. "सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "त्यातला एखादा उद्या घाटात गेला तर?"

"हवं व्हतं," ते म्हणाले. "सपाटीवरच चालवतेत म्हणून गप बसलो. मी पुन्हा कधी घाटात गेलो न्हाई." त्या माणसाचा राग यावा आणि त्याच्याजवळ बसून राहावंसंही वाटावं, असं माझं झालं. वर्षभरात पहिल्यांदा मला कुणीतरी भेटलं होतं ज्याला ते मऊ पॅडल आणि तो वास माहीत होता.

आम्ही परत आलो तर शिरीष बॉनेटवर हात ठेवून उभा. चौकातल्या लोकांकडून तो तेवढं बरोबर शिकला होता. त्याने तोंड उघडून आपली रक्कम सांगितली.

"साहेब, गाडी द्यायची न्हाई," भगवानराव म्हणाले.

शिरीष माझ्याकडे बघून हसला. गॉगलवाल्या मुलाने सांगून ठेवलं होतं की मालक नाही म्हणाला म्हणजे त्याला वाढवून हवं असतं. शिरीषने वाढवले.

"न्हाई साहेब."

त्याने आणखी वाढवले. सात जण खूश झाले, त्यांच्याही गाड्यांचा भाव त्याबरोबर वर जात होता. भगवानराव घामाघूम झाले. "साहेब, तिकडं लिंबाखाली बसून बोलू."

"जे काय ते इथेच," शिरीष म्हणाला. गाडीपासून हलायचं नाही, हेही त्याला त्याच मुलाने शिकवलं होतं. त्याने तिसऱ्यांदा वाढवले. गाडीसमोर कारण सांगता येत नाही आणि गाडीपासून गिऱ्हाईक हलत नाही, अशा कोंडीत तो बिचारा माणूस उभा होता. मी धपाटा खात होते. मी मध्ये बोलू शकले असते. पण त्यांच्या भावकीसमोर त्यांचं गुपित फोडणं माझ्याकडून होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शिरीषला थोडं हसंही होऊ द्यायचं होतं.

"पैशाचं न्हाई हो," भगवानराव शेवटी म्हणाले. "ताई चालवणार हायेत. म्हणून न्हाई."

शिरीषचा चेहरा लाल झाला. त्याने बॉनेटवरचा हात काढला.

"ताई चालवणार म्हणून नाही?" तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "बारा वर्षं घाटात चालवतेय ती. भरलेली गाडी, भर पावसात. ब्रेक गेले तेव्हा हिने गाडी दरीत जाऊ दिली नाही. मी असतो तर गेलो असतो खाली. मी नुसता शेजारी बसलो तरी डोळे मिटून घेतो. आणि तुम्ही हिला गाडी देणार नाही?"

हे त्याने कधी मला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात सांगितलं नव्हतं, वर्षभरात सांगितलं नव्हतं, आणि आता सात परक्या माणसांना ओरडून सांगत होता. मी हातातला धपाटा ताटात ठेवला.

"घाटात चालवतेत," भगवानराव म्हणाले, "म्हणूनच देत न्हाई."

शिरीषला अजून कळलं नव्हतं, पण त्या सातांना कळायला लागलं होतं. त्यांच्यातला एकजण, हातात किल्ली घेऊन उभा असलेला, पुढे आला. तो भगवानरावांचा चुलतभाऊ.

"दादा," तो म्हणाला. "कन्नडला टायर फुटल्तं ना?"

भगवानरावांनी गाडीकडे पाहिलं. मग भावाकडे. "विहिरीकडं चल," ते म्हणाले. "सगळेच चला."

ते पुढे लंगडत गेले आणि त्यांच्यामागे ते सात जण, एका ओळीत, बांधावरून. अंगणात आठ गाड्या आणि आम्ही तिघं उरलो. रामकिसन भाऊजी खाली मान घालून उभे होते. शिरीष म्हणाला, "हे सगळे कुठे चालले?" मी म्हटलं, सांगते, आधी तू जेवून घे. त्याने मुकाट्याने जेवून घेतलं.

संध्याकाळी जालन्याहून बसमध्ये बसलो. मी त्याला विहिरीवरचं सगळं सांगितलं. त्याने एकदाही मध्ये तारे आणले नाहीत. बस शहराबाहेर पडली, खिडकीतून सपाट रान मागे जात होतं. बऱ्याच वेळाने त्याने मोबाइल काढून तक्ता उघडला आणि मला विचारलं, "तुला गाडीत नक्की काय पाहिजे?" वर्षभरात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता.

"माती भरलेली असताना, उतारावर," मी म्हटलं, "थांबली पाहिजे."

त्याने वीसही रकाने खालपर्यंत बघितले. मग एकविसावा केला आणि तो सगळ्यांच्या आधी नेऊन ठेवला.